माणूस आत, कुत्रं बाहेर

दत्ताचा दिनक्रम महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरगडावर. म्हणजे स्वतःचं घर नाही, मागून आणलेली भाकरी खायची, आणि रात्री अंग टाकायला नांदेड जिल्ह्यातला एक डोंगर. सोबत एक गाय आणि चार कुत्री. देवघरातल्या तसबिरीत ही सगळी मंडळी एका चौकटीत छान मावतात. पण हीच मंडळी एखाद्या रात्री दहाच्या सुमारास शहरातल्या बेघर निवाऱ्याच्या दारात येऊन उभी राहिली, तर काळजीवाहक नम्रपणे सांगेल, 'महाराज, तुम्ही आत या. हे सगळं बाहेर.'

काळजीवाहकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात जो कागद आहे, त्यावर गाय आणि कुत्री लिहिलेलीच नाहीत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने बेघरांच्या निवाऱ्यांचे निकष ठरवून दिले. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचे २०१० नंतरचे आदेश होते. दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास-न्हाणी, उजेड, पांघरुणांची धुलाई, सामायिक स्वयंपाकघर, प्रथमोपचार, इतकंच काय, किडे-डासांचा बंदोबस्तसुद्धा. २०११ च्या जनगणनेत नांदेड शहर साडेपाच लाखांचं होतं आणि लातूर पावणेचार लाखांच्या पुढे. त्या हिशेबाने नांदेडला किमान साडेपाचशे आणि लातूरला पावणेचारशे बेघरांची सोय व्हायला हवी. निकष वाईट नाहीत. फक्त ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढचा बेघर माणूस एकटा होता, फार तर बायकोपोरांसह. त्याच्या पायाशी झोपणारं कुत्रं, गाठोड्याला बांधलेली शेळी, झाकणाच्या टोपलीतली कोंबडी कोणी धरलीच नाही. डासांचा विचार झाला, कुत्र्याचा राहून गेला.

यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो. ज्याला स्वतःच्या डोक्यावर छप्पर नाही, त्याने कुत्रं पाळावंच कशाला? हा प्रश्न विचारणारा बहुधा कडी लावून झोपणारा असतो. उघड्यावर झोपणाऱ्याकडे कडी नसते. कुत्रं हीच त्याची कडी. उशाचं गाठोडं, त्यातला आधार कार्डाचा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद आणि दिवसभराची कमाई, यांची राखण तेच करतं. एकट्या बाईच्या बाबतीत तर रात्री कोण जवळ येतंय हे तिच्याआधी कुत्र्याला कळतं. शिवाय पौषातली मराठवाड्याची थंडी ज्यांनी उघड्यावर काढली आहे, त्यांना उबेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. अशा माणसाला निवाऱ्याच्या दारात 'तू ये, याला सोड' म्हटलं की तो मागे फिरतो. मग कागदोपत्री नोंद होते: 'बेघर व्यक्ती निवाऱ्यात येण्यास तयार नाहीत.'

मराठवाड्याला याच्या नेमकं उलटं चित्रही चांगलं माहीत आहे. चारा छावणी.

दुष्काळात छावणी उघडते तेव्हा फाटकावर नोंद होते ती जनावराची. कानातला बिल्ला बघितला जातो, दावण ठरते, चारा-पेंड मोजून मिळते. त्या दाव्यासोबत एक माणूस आपोआप आत येतो. कुणी म्हातारा, कुणी शाळा बुडवलेलं पोर, कुणी नवीन लग्न झालेली सून. बाजेवर, बाजरीच्या सरमाडाच्या आडोशाला, ताडपत्रीखाली महिनोन्‌महिने ही माणसं राहतात. घर गावात असतं, पण गावात पाणी नाही म्हणून संसार दावणीला. २०१८-१९ च्या दुष्काळात साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चालवलेल्या छावणीत हजारो जनावरांसोबत अशी अख्खी कुटुंबं वस्तीला होती. सरकारी छावण्यांत २०१९ च्या सुरुवातीला मोठ्या जनावरामागे रोज ७० रुपये मिळत. उन्हाळा चढला तसा तो दर १०० वर गेला. माणसासाठी दर नव्हता. तो जनावराचा सोबती म्हणून आत होता, आणि छावणीत त्याच्या भाकरीची सोय झालीच तर ती कुणा संस्थेच्या किंवा चालकाच्या भल्या मनावर.

म्हणजे सरकारला दोन दारं बांधता येतात. एका दारातून माणूस आत जातो आणि जनावर बाहेर राहतं. दुसऱ्या दारातून जनावर आत जातं आणि माणूस त्याच्या शेपटीला धरून. दोघं मिळून एक कुटुंब आहे, असं मानणारं तिसरं दार मात्र अजून कुणी बांधलेलं नाही.

छावणीच्या दारातही भेदभाव आहेच. गाय, बैल, म्हैस हे आतले. शेळ्या-मेंढ्यांच्या छावणीची गोष्ट २०१९ च्या उन्हाळ्यात निघाली, तीही मराठवाड्यात नव्हे, साताऱ्याच्या माण तालुक्यात. गाढवाला दावण मिळाल्याचं ऐकिवात नाही. आता हिशेब बघा: गाय-म्हैस कोणाकडे असते? ज्याच्याकडे थोडीबहुत जमीन आहे त्याच्याकडे. शेळी भूमिहीनाची, गाढव कैकाड्या-वडाराचं, कुत्रं पालातल्याचं. जनावर जितकं गरिबाचं, तितकं ते योजनेपासून लांब. आणि ज्यांच्यासाठी छावण्या आहेत त्यांनाही त्या हक्काने मिळत नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये, लातूरच्या पाण्याची चर्चा देशभर सुरू होण्याच्या जरा आधी, लातूर, बीड, उस्मानाबाद या तीन जिल्ह्यांतल्या छावण्या बंद करण्याचा आदेश निघाला होता. ओरड झाली तेव्हा तो काही दिवसांत मागे घ्यावा लागला. त्या वर्षी बहुतेक छावण्या बीड-उस्मानाबादकडे होत्या. लातूरच्या वाट्याला मोजक्याच. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या फेरीला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर. त्या पाण्याचा माणशी हिशेब झाला. गोठ्यातल्या बादलीचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी केला, म्हणजे स्वतःच्या तांब्यातून.

पण या सगळ्याचा सर्वांत मोठा धडा लातूरने त्याच्या तेवीस वर्षं आधी गिरवला होता, आणि तो नीट वाचलाच गेला नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन मिनिटं. गणपती बोळवून गावं नुकती कुठे झोपली होती. भूकंपात किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. हजारो माणसं गेली. जी उरली ती एका रात्रीत बेघर झाली आणि पुढे कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातून संस्था आल्या, प्रशासन झटून कामाला लागलं. त्या कामाचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं.

नव्या घराचं माप मात्र जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. जुन्या घरात काय होतं? ढाळजेतून आत शिरलं की एका अंगाला जनावरं, दुसऱ्या अंगाला माणसं, मधे अंगण. रात्री गाभण गाय अस्वस्थ झाली तर चुलीजवळ झोपलेल्या आजीला कळायचं. नवी गावं सरळ रेषेत आखली गेली, रस्ते रुंद झाले, वसाहतीचा नकाशा शहराला शोभेलसा झाला. घरं भूकंपाला टिकणारी होती, यात शंका नाही. पण त्या नकाशात गोठा कुठे होता? लोकांनी तो आपापला शोधला. सिमेंटच्या घरापुढे पत्रे ठोकले, कुडाचा आडोसा केला, कुणी जनावरं शेतातच ठेवली, कुणी जुन्या गावठाणातल्या पडक्या जागेत बांधली. कुणी विकून टाकली. देवणी गाय ज्या जिल्ह्याच्या एका तालुक्याच्या नावाने देशभर ओळखली जाते, त्या जिल्ह्यात पुनर्वसनाच्या आराखड्यात गायीला खोली नव्हती, हा विनोद काळा आहे.

याचा अर्थ किल्लारीच्या पुनर्वसनकर्त्यांना जनावरांचं वावडं होतं, असा नाही. घाई होती, मृतांचा डोंगर होता, पावसाळा तोंडावर येणार होता. अशा वेळी आधी माणूस, हे कुणीही म्हणेल. गोची अशी की 'आधी माणूस' म्हणताना 'नंतर जनावर' हे पान उघडायचंच राहतं. तीस वर्षं झाली तरी.

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडला विचारा. १७ आणि १८ ऑगस्ट २०२५ च्या मधल्या रात्री या तालुक्यात २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला आणि लेंडी धरणाच्या बुडीत क्षेत्रातली रावणगाव, हसनाळसारखी गावं झोपेतच पाण्याखाली गेली. धरणासाठी ज्यांना उठायचंच होतं, त्यांना पुराने उठवलं. लष्कराचं पथक बोलवावं लागलं. माणसं पत्र्यावर, झाडावर, उंचवट्यावर गेली. दाव्याला बांधलेल्या जनावरांना पळायचीही सोय नव्हती. पाणी ओसरलं तसे तलाठी पंचनाम्याला आले.

पंचनाम्याचे दर ठरलेले आहेत. दुधाळ गाय-म्हैस ३७,५०० रुपये, ओढकाम करणारा बैल किंवा घोडा ३२,०००, वासरू, गाढव, शिंगरू, खेचर २०,०००, शेळी-मेंढी-डुक्कर ४,०००, कोंबडी १००. दुधाळ जनावरं एका कुटुंबाची तीनपर्यंतच धरायची, ही अट २०२५ च्या मोठ्या पुरानंतर ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने काढून टाकली. चांगलं झालं. या दरपत्रकाची मूळ भाषा 'आर्थिकदृष्ट्या उत्पादक' जनावरांची आहे. म्हणून तिच्यात कुत्रं नाही. मेंढरांच्या कळपामागे रात्रभर जागणारं धनगराचं कुत्रं उत्पादक नव्हे, पण त्याने लांडग्यापासून वाचवलेली मेंढी उत्पादक! भरपाईच मिळाली पाहिजे असा हट्ट नाही. पण पुरात गेलेल्या कुत्र्याची साधी नोंदही पंचनाम्यात नसेल, तर पुढच्या पुरात त्याला नेण्यासाठी होडीत जागा ठेवायची असते, हे कुणाच्या डोक्यात तरी कुठून येणार?

आणि ती जागा ठेवावी लागते, ती भूतदयेपोटी नव्हे, तर माणसं वाचवण्यासाठी. जनावर सोडून माणूस निघत नाही. अमेरिकेला ही गोष्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळात कळली. पाण्याने वेढलेल्या न्यू ऑर्लिन्समध्ये कित्येक लोक कुत्र्या-मांजरांपायी घर सोडायला तयार झाले नाहीत. बसमध्ये चढताना एका लहान मुलाच्या हातातून त्याचं कुत्रं काढून घेतलं गेलं आणि त्याच्या रडण्याची बातमी देशभर गेली. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला: आपत्तीसाठी केंद्राचे पैसे हवे असतील, तर स्थानिक प्रशासनाच्या स्थलांतर आराखड्यात पाळीव प्राण्यांसह कुटुंबं कशी हलवणार हे लिहिलेलं असलं पाहिजे. आपल्याकडे रावणगावच्या म्हाताऱ्याने 'म्हैस सोडून येत नाही' म्हटलं की त्याला अडाणी ठरवून मोकळं होता येतं.

पूर आणि भूकंप हे अचानक आलेलं बेघरपण. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं बेघरपण पालात राहतं. नांदेड-लातूरच्या शिवारात, बायपासच्या कडेला, बाजाराच्या मागच्या पडीक जागेत पालं पडतात. घिसाडी, वैदू, कैकाडी, मसणजोगी, गोसावी अशी किती नावं. पालात सामान फार नसतं. दोन पेट्या, भांडी, गोधड्या. बाकी संसार जिवंत असतो. गाढवं सामान वाहतात, शेळी पोरांच्या दुधापुरती, कोंबड्या अडीनडीला विकायला, कुत्री राखणीला. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने यांतल्या कित्येक जमातींवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला गेला, असं कायदा म्हणतो. जनावरांच्या बाबतीत मात्र शिक्के येतच राहिले. अस्वल, माकड यांचे खेळ १९९८ च्या अधिसूचनेने बंद झाले. प्राण्यांच्या बाजूने बघितलं तर ते योग्यच होतं. नाकात वेसण घालून नाचवलेलं अस्वल सुटलं, दरवेशी मात्र जिथल्या तिथे अडकला. त्याचं पोट कशावर भरणार याचा कागद अस्वलाच्या कागदाइतक्या चपळाईने कधी निघाला नाही. गाढवांची तऱ्हा आणखी निराळी. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांच्या मधल्या सात वर्षांत देशातली गाढवं ६१ टक्क्यांनी घटली. गाढव गेलं की पाल हलत नाही, आणि भाड्याचा टेम्पो परवडत नाही.

आता कुत्र्याचा शिक्का. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांना कुत्री दोनच प्रकारची ठाऊक आहेत. एक पाळीव, ज्याची लस-नसबंदी ही मालकाची जबाबदारी. दुसरी रस्त्यावरची, जी स्थानिक संस्थेची जबाबदारी. पालासमोर बसलेलं कुत्रं यांतलं कुठलं? त्याला मालक आहे, नाव आहे, हाक मारली की ते येतं. पण मालकालाच पत्ता नाही. नोंदणी करायची तर घराचा पुरावा लागतो. म्हणून मालक असूनही ते मोकाट ठरतं, आणि मोकाट ठरूनही लशीची गाडी त्याच्यापर्यंत पोचेलच याची खात्री नसते.

हा केवळ शब्दांचा घोळ राहिलेला नाही. भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात नेण्याचा आणि पुन्हा त्याच जागी न सोडण्याचा आदेश दिला. कुत्रं चावलेल्या पोराच्या आईबापांना या आदेशामागची भीती समजावून सांगायला नको. रेबीज झाला की वाचणं जवळपास अशक्य असतं आणि मराठवाड्यातल्या गल्लीबोळांत रात्री सायकल चालवणाऱ्याला झुंडीचा अनुभव आहे. पण बसस्थानक, रेल्वे स्थानक आणि रुग्णालयाचं आवार याच बेघरांच्या झोपण्याच्या जागा आहेत. तिथलं प्रत्येक कुत्रं बिनमालकाचं असतं असं धरून चाललं, तर रात्रीच्या कारवाईत एखाद्या म्हातारीची कडीच उचलून नेली जाईल. आणि तिने विरोध केला, तर 'हे माझं' हे सिद्ध करायला तिच्याकडे काय असेल?

गंमत अशी की याच भागात कुत्र्याला मोलही आहे. उंच, सडपातळ, वाऱ्यासारखं धावणारं कारवान कुत्रं लातूरकरांना नवं नाही. चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव त्याच्या पैदाशीसाठीच ओळखलं जातं. तांड्यांसोबत चालणारं कुत्रं म्हणून त्याला हे नाव पडलं. म्हणजे भटक्यांसोबत चालून ज्या कुत्र्याची जात घडली, ते आज बंगल्यात शोभतं आणि पालात संशयास्पद दिसतं.

तेव्हा करायचं काय? परदेशातली उदाहरणं बघितली तर थक्क व्हायला होतं, ते त्यांच्या श्रीमंतीने नव्हे, साधेपणाने. इंग्लंडमध्ये डॉग्ज ट्रस्ट या संस्थेने १९९४ मध्ये बेघरांच्या कुत्र्यांसाठी मोफत उपचारांची योजना सुरू केली. २०१६ मध्ये जेड स्टॅट आणि सॅम जोसेफ या दोन पशुवैद्यांनी 'स्ट्रीटव्हेट' सुरू केलं. पशुवैद्य पाठीवर पिशवी घेऊन माणसं झोपतात त्या फुटपाथवर जातात. लस टोचतात, जंताचं औषध देतात, जखम बांधतात. पुढे त्यांनी निवारे चालवणाऱ्यांनाही बाजूला घेऊन शिकवलं: कुत्र्यासह माणूस आत घ्यायचा तर खोली कशी लावायची, भांडणं कशी टाळायची, जनावर आजारी पडलं तर कुणाला फोन करायचा. यात यंत्रसामग्री काहीच नाही. एक पिशवी, एक नोंदवही आणि जाण्याची तयारी.

ही तयारी नांदेड-लातूरला अवघड नाही. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या त्या विद्यार्थ्यांना गोठ्यातली जनावरं दिसतातच, महिन्यातून एक दिवस पालावरची दिसली तर शिक्षण वाढेल, कमी होणार नाही. १९६२ क्रमांकावर येणारी फिरती पशुवैद्यकीय पथकं पशुपालकाच्या दारात जातात. पालाला दार नाही एवढ्यावरून पालातले लोक पशुपालक होत नाहीत, असं कुठे लिहिलंय? २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी. तिच्या बैठकीत गोवंशाच्या गाड्या पकडण्याबरोबर बेघरांच्या शेळ्या-कुत्र्यांचा विषय निघायला काय हरकत आहे? आणि सरकारला मनात आलं की काय करता येतं, हे २०२२ मध्ये लम्पी रोगाच्या साथीने दाखवलं. राज्यभरातल्या गोवंशाला मोफत लस टोचली गेली, मेलेल्या जनावरांची भरपाई मिळाली. यंत्रणा आहे. तिला कुत्र्याची आणि गाढवाची लाज वाटते, इतकंच.

निवाऱ्यांच्या बाबतीत तर मागणी फारच लहान आहे. आवारात एक पत्र्याची पडवी, चार कड्या, पाण्याचं भांडं. आत येणाऱ्या कुत्र्याला दारातच रेबीजची लस. ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांचा कोपरा वेगळा. शेळीला दावं बांधायला खुंटा. आणखी एक गोष्ट, जिचा विचार फारसा कुणी करत नाही: रुग्णालय. पालातली बाई बाळंतपणाला किंवा शस्त्रक्रियेला भरती व्हायला टाळाटाळ करते, तेव्हा 'अज्ञान' हा शिक्का तयार असतो. बहुतेक वेळा तिचा प्रश्न सरळ असतो: आठ दिवस शेळीला पाणी कोण पाजणार? शेजारचं पाल उठून पुढच्या गावी गेलेलं असतं. अशा वेळी आठ-दहा दिवस जनावर सांभाळणारी जागा जिल्ह्याच्या ठिकाणी असेल, तर उपचार वेळेवर होतील. जुना कोंडवाडा ही कल्पना ग्रामपंचायतींना नवी नाही. फक्त तो शिक्षेसाठी नव्हे, सांभाळण्यासाठी वापरायचा.

काही जण म्हणतील, याचा गैरफायदा घेतला जाईल. घेतला जाईलही. रस्त्याच्या कडेला गाय बांधून पुण्याच्या नावाखाली गवताची पेंढी विकणारे आहेत, सिग्नलला पिल्लू मांडीवर घेऊन पैसे मागणारेही आहेत. जनावराचे हाल करणाऱ्याला १९६० चा कायदा आहेच, तो लावावा. मात्र ज्याने आपल्या अर्ध्या भाकरीतली अर्धी मोडून कुत्र्यापुढे टाकली, त्याला त्याच मापाने मोजणं हा आळस आहे. बेघर माणूस आधी जनावराला घालतो आणि मग स्वतः खातो, हे पालं जवळून पाहिलेल्या कार्यकर्त्यांना सांगावं लागत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लेस्ली आयर्विन यांनी बेघर आणि त्यांच्या प्राण्यांवर २०१३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचं शीर्षकच 'माझं कुत्रं आधी जेवतं' या अर्थाचं आहे.

मोजणी हाच खरा प्रश्न आहे. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री गणकांनी बेघर माणसं मोजली, तेव्हा महाराष्ट्रात ती दोन लाख दहा हजारांहून जास्त भरली. त्यांच्यासोबत किती जनावरं होती, याचा रकाना नव्हता. पशुगणना वेगळी होते आणि ती घरोघर जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत मात्र एक नवी गोष्ट घडली: फिरत्या पशुपालकांची जनावरं पहिल्यांदाच वेगळी मोजायचं ठरलं. म्हणजे हलत्या माणसाचं जनावरही मोजता येतं, हे सरकारने मान्य केलं आहे. तिथून पालापर्यंतचं अंतर फार नाही.

आणि सुरुवात करायला जागा तर तयारच आहे. नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. खंडोबा हा घोड्यावरचा आणि कुत्र्याच्या सोबतीचा देव. त्याचे वाघे पूर्वी कोटंब्यात भीक घेताना कुत्र्यासारखे भुंकत. या यात्रेत घोडे, गाढवं, लाल कंधारी गायी-बैल यांचा बाजार भरतो, आणि कितीतरी भटक्या जमाती इथे वर्षातून एकदा एकत्र येतात. त्यांच्या जातपंचायती इथेच भरत आल्या. जिल्हा परिषद दरवर्षी पशुप्रदर्शन घेते. त्यात श्वानांनाही बक्षीस असतं. पशुसंवर्धन विभागाचा मांडव तिथे असतोच, डॉक्टर असतात, टेबल असतं. त्याच मांडवात बर्फाची एक पेटी आणखी ठेवायची, तिच्यात रेबीजच्या लशी. गाढवांच्या खुरांना औषध, शेळ्यांना जंतनाशक. ज्याचं कुत्रं टोचून होईल त्याच्या हातात फोटो चिकटवलेलं एक कार्ड द्यायचं, म्हणजे उद्या बसस्थानकावर गाडी आली तर दाखवता येईल. कार्डावर मालकाचं नाव, कुत्र्याचं नाव, रंग, लशीची तारीख. आणि पत्त्याच्या रकान्यात 'पाल' एवढं लिहिलं तरी ते चालेल, अशी एक सूचना टेबलावरच्या कारकुनाला आधीच देऊन ठेवायची.